घर आणि व्यवहार : सुकाणूचीं जुनीं हत्यारें

जुन्या घरांत माळ्यावरचें सामान खालीं उतरविण्याचा प्रसंग आला, कीं मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हें सर्व भंगार आहे; दुसरा म्हणतो, वडिलार्जित आहे, हात लावूं नका. ज्या वस्तूवरून वाद चालतो तिचें नांव मात्र दोहोंपैकीं एकासहि ठाऊक नसतें. भांड्याकुंड्यांविषयीं सांगावयास एखादी वृद्ध आत्या तरी असते. लोखंडी हत्यारांविषयीं सांगणारा माणूस बहुधा हयात नसतो. या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं एक याच स्वरूपाचें आहे. त्याचें उत्तर विस्तारानें देत आहें, कारण त्यांत केवळ अडगळीचा प्रश्न नसून एका मोटारीचा, आणि म्हणून तींत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांचे सासरे गिरगांवांत मोटारदुरुस्तीचें काम करीत. त्यांच्या मागें एक सागवानी पेटी व १९४७ सालची एक शेव्हरोलेट गाडी राहिली. येत्या मार्गशीर्षांत दिरांच्या मुलीचें लग्न आहे, आणि वरात आजोबांच्या गाडींतूनच निघावी असा मुलांचा आग्रह आहे. गाडी चालू होते; परंतु सुकाणूचक्र चांगलें चार बोटें फिरविल्यावांचून पुढचीं चाकें हालत नाहींत. धाकटे दीर म्हणतात, "पहार आणि हातोडा घेऊन चक्र उपटूं, आंत काय झिजलें तें पाहूं, आणि ही पेटी जागा अडवते आहे, ती भंगारवाल्यास वजनावर देऊं." बाईंनीं पेटींतील बारा वस्तु एकेक करून कागदावर ठेवल्या, त्यांची कड पेन्सिलीनें आंखली आणि ते कागद पाठविले. छायाचित्रापेक्षां ही रीत शतपटीनें चांगली. छायाचित्रांत आकार दिसतो, माप दिसत नाहीं. आणि हत्यारांच्या ओळखींत अर्धी साक्ष मापाचीच असते.

प्रथम सुकाणूची रचना ध्यानांत घ्यावी, म्हणजे हत्यारांचें प्रयोजन आपोआप कळूं लागतें. चक्राच्या दांड्याच्या खालच्या टोंकास मळसूत्रासारखे आटे असतात, आणि त्या आट्यांत एक दांतेरी कमान अडकलेली असते. चक्र पुष्कळ फिरलें म्हणजे कमान थोडी फिरते, आणि तिच्या आंसावर बसविलेला एक लोखंडी हात पुढेंमागें होतो. या हातास अमेरिकन लोक पिटमन आर्म म्हणतात, इंग्रज ड्रॉप आर्म म्हणतात. त्यापासून पुढें ड्रॅग लिंक, टाय रॉड अशा सळ्या गोळ्यांच्या सांध्यांनीं जोडलेल्या असतात, आणि शेवटीं प्रत्येक पुढचें चाक किंग पिन नांवाच्या उभ्या खुंट्याभोंवतीं वळतें. गाडीगणिक यांत फरक पडतो. फोर्डच्या मॉडेल टी गाडींत (१९०८ ते १९२७) दांतेरी चाकें अगदीं वर, सुकाणूचक्राच्या लगेच खालीं एका डबींत असत. इंडियाना प्रांतांतील लाफायेट गांवीं डेव्हिड रॉस यांनीं १९०६ सालीं काढलेल्या कारखान्यानें दांतांऐवजीं खुंटी सर्पाकार खोबणींतून फिरविण्याची रीत रूढ केली. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागानें १९४० पासून आट्यांमध्यें पोलादी गोळ्या सोडून घर्षण कमी केलें.

रचना कोणतीहि असो, बहुतेक सांध्यांत एकच युक्ति आहे : निमुळता खुंटा निमुळत्या भोंकांत दाबून बसवावयाचा आणि वरून चाकी आवळावयाची. असा सांधा चाकी काढल्यानें सुटत नाहीं. पन्नास वर्षें बसलेला असेल तर तो जणूं एकजीव होतो. सुकाणूच्या खास हत्यारांपैकीं निम्मीं हत्यारें केवळ हा हट्टी सांधा इजा न करतां सोडविण्यासाठीं जन्मास आलीं आहेत.

आतां ओळख. न्यायशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचें लक्षण "शिंगें असणारा पशु" असें केलें, तर म्हैसहि त्यांत येते, ही अतिव्याप्ति. जुन्या बाजारांत हत्यारें विकणारे नेमका हाच दोष करतात. दोन नख्या आणि मधें स्क्रू दिसला, कीं म्हणतात, "घ्या, स्टिअरिंगचा पुलर!" मुंबईच्या चोरबाजारांत व पुण्याच्या जुन्या बाजारांत मीं हें आपल्या कानांनीं ऐकलें आहे. दोन नख्या आणि मधें स्क्रू हें तर पुलर या संपूर्ण जातीचें लक्षण झालें. विद्युत्घटाच्या टोंकावरील पकड काढणारा लहानसा पुलर तसाच असतो, आणि दांतेरी चाकें ओढणारा मोठाहि तसाच. भेद नख्यांच्या जाडींत, त्यांमधील अंतरांत आणि उंचींत पाहावा लागतो.

बाईंच्या कागदांपैकीं पहिला याच जातीचा आहे. बुटका, जाड, घोड्याच्या नालासारखा वांकलेला एक ठोकळा. त्याच्या पोटांतून जाणारा इंचभर व्यासाचा स्क्रू. नख्या आंत वळलेल्या आणि अंगठ्याइतक्या जाड. हा पिटमन आर्मचा पुलर होय. तो बुटका कां, तर त्या हाताच्या आसपास सांगाड्याची पट्टी व इंजिन असल्यामुळें जागा थोडी असते. आणि जाड कां, तर त्या सांध्यावरची चाकी सर्व सुकाणूंत सर्वांत जोरानें आवळलेली असते. बारीक नख्यांचा साधा पुलर तेथें लावला तर नखी तुटून बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

दुसऱ्या कागदावर सुमारें सहा इंचांची एक आडवी पट्टी आहे. तींत दोन बाजूंस दोन लांबट खांचा, मध्यभागीं स्क्रू, आणि सोबत दोन लांब बोल्ट. हा सुकाणूचक्राचा पुलर. ज्या चक्रांच्या तुंब्यांत आटे पाडलेलीं दोन भोंकें असतात, त्यांत ते बोल्ट फिरवून बसवावयाचे आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोंकावर दाबावयाचा. ज्या जुन्या चक्रांस भोंकें नसत, त्यांच्यासाठीं तुंब्याखालीं दोन अर्धवर्तुळ जबडे अडकविणारा पुलर असे. म्हणून पट्टी सांपडली पण बोल्ट सांपडले नाहींत, तर पेटीचा तळ पुन्हां झाडावा. बोल्टांवांचून ती पट्टी निरुपयोगी, आणि घरोघरीं ते बोल्ट दुसऱ्याच कशास तरी लावलेले असतात.

तिसरी वस्तु पाहून घरांतील मुलांनीं तिला "त्रिशूळाचा मोडका भाऊ" असें नांव दिल्याचें बाई लिहितात. ती दोन दांतांची पोलादी पाचर आहे. दांत टोंकाशीं पातळ, मुळाशीं जाड. मागें लांब दांडी, तिचें डोकें हातोड्याच्या घावांनीं फुलासारखें पसरलेलें. गोळ्याच्या सांध्याच्या दोन भागांमध्यें हिचे दांत घालून मागून ठोकलें, कीं सांधा उचकटतो. अमेरिकेंत हिला "पिकल फोर्क" म्हणजे लोणच्याचा कांटा म्हणतात. हंसूं नये, वस्तूस रूपावरून नांव देण्याची चाल आपलीच फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शल्यक्रियेचीं एकशेंएक यंत्रें सहा वर्गांत सांगितलीं आहेत. त्यांतील स्वस्तिकयंत्रांस सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा अशा पशुपक्ष्यांच्या मुखांवरून नांवें दिलीं आहेत. आणि कंक पक्ष्याच्या चोंचीसारखें यंत्र श्रेष्ठ मानलें आहे, कारण तें सहज आंत जातें, घट्ट धरतें आणि सहज बाहेर येतें. हत्याराची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाहीं.

या कांट्याच्या दोन दांतांतील अंतर अवश्य मोजावें. सामान्यतः ११/१६ इंच असेल तर तो टाय रॉडच्या टोंकाचा, १५/१६ असेल तर मोठ्या बॉल जॉइंटचा, आणि १ १/८ असेल तर पिटमन आर्मचा. बाईंच्या आंखणींत तें अंतर पाऊण इंचाहून किंचित् कमी भरतें. तेव्हां हा टाय रॉडचा. हें हत्यार कामाचें खरें, पण क्रूर आहे. सांध्यावरचें धूळरोधक आच्छादन तें फाडतें. ज्यांस सांधा पुन्हां वापरावयाचा असेल त्यांनीं स्क्रूचा विलगक वापरावा, किंवा जुन्या कारागिरांची दोन हातोड्यांची रीत करावी : ज्या डोळ्यांत खुंटा बसला आहे त्याच्या एका कुशीस जड हातोडा टेंकून धरावयाचा आणि समोरच्या कुशीवर दुसऱ्यानें एक ठाम घाव घालावयाचा. डोळा क्षणमात्र लंबगोल होतो आणि खुंटा सुटून खालीं पडतो. घाव आट्यांवर कदापि घालूं नये.

चवथी वस्तु बाईंस "पेचकसाचा तुटलेला तुकडा" वाटली, आणि ती फेंकून देण्याच्या ढिगांत होती. दोनएक इंचांचा ठोकळा, एका अंगास चौकोनी भोंक, दुसऱ्या अंगास चांगलें रुंद, जाड, बोथट पातें. ती तुटलेली मुळींच नाहीं. जुन्या ड्रॅग लिंकच्या नळीच्या टोंकांत गोळा, दोन वाट्या व एक स्प्रिंग असते, आणि बाहेरून खांच पाडलेलें आट्यांचें बूच लावलेलें असतें. तें बूच साध्या पेचकसानें हालत नाहीं; खांच मात्र चुरगळते. त्यासाठीं हा ठोकळा. चौकोनी भोंकांत दांडा घालून फिरवावयाचा. बूच पूर्ण आवळून मग पिनचें भोंक जुळेपर्यंत थोडें मागें घ्यावयाचें, आणि नवी पिन घालावयाची. जुनी दुमडलेली पिन सरळ करून पुन्हां घालणें ही काटकसर नव्हे. दोन पैशांच्या पिनेवर सबंध कुटुंब विसंबून असतें.

पांचवी, सहावी व सातवी या एकाच संसारांतल्या. पांचवी म्हणजे हातभर लांबीचा रीमर. त्याच्या एका भागावर तिरप्या धारा आणि पुढें गुळगुळीत गोल दंड आहे. किंग पिनचे वरखालीं दोन पितळी बुश असतात, आणि दोहोंचीं भोंकें एका रेषेंत यावीं लागतात. गुळगुळीत दंड एका बुशांत राहून वाट दाखवितो, धारा दुसऱ्यांत काम करतात. हाच भाग त्याचें असाधारण लक्षण. साध्या रीमरास असा पुढचा वाटाड्या नसतो. रीमर उलट दिशेस फिरवूं नये, धार जाते. आणि त्यास हातोड्याजवळ मोकळा ठेवूं नये. भंगाराच्या तराजूंत याचें वजन जेमतेम, पण पेटींतील सर्वांत अधिक कौशल्याचें काम याच्यावर झालेलें आहे. सहावी व सातवी म्हणजे पायरी पाडलेले दोन पोलादी गोल ठोकळे. बारीक पायरी बुशाच्या आंत बसते, जाड पायरी त्याच्या कडेवर टेंकते, आणि बुश न चेपतां आंत जातो. घरांत यांचा उपयोग खलबत्त्याच्या बत्त्यासारखा झाला असावा, कारण एकाच्या टोंकास वेलदोड्याचा वास येतो, असें बाईंनीं प्रामाणिकपणें कळविलें आहे!

आठवी वस्तु तर दिवाणखान्यांतील पडद्याची दांडी म्हणून वर्षानुवर्षें लटकत होती. एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्या, दोन टोंकांस दोन कांटे, मधें इंचांच्या खुणा, आणि दोन बाजूंस सारख्या लांबीच्या दोन बारीक सांखळ्या. या सांखळ्यांवरूनच ओळख पटते. पडद्याच्या दांडीस त्यांचें काय काम? पुढचीं चाकें पुढच्या अंगास मागच्यापेक्षां किंचित् जवळ असावीं लागतात. हा फरक जुन्या गाड्यांत बहुधा १/१६ ते १/८ इंच असे. तो मोजण्याचें हें माप. सांखळी जमिनीस जेमतेम टेंकली म्हणजे कांटा पुढें व मागें एकाच उंचीवर आहे असें समजावें. नववा स्प्रिंगचा कांटा, मासे किंवा भाजी तोलण्याचा असतो तसा. तो चक्राच्या कडेस अडकवून ओढला, कीं चक्र फिरण्यास किती पौंड जोर लागतो तें कळतें आणि आंतल्या दांतांची घट्ट बसणूक ठरवितां येते. उरलेल्या तिहींपैकीं एक अर्धचंद्राकृति नखीचा पाना आहे. तो खांचा पाडलेल्या कड्या फिरविण्यासाठीं असतो. परंतु अशा कड्या सुकाणूशिवाय इतरत्रहि असतात, म्हणून तो सुकाणूचाच असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं.

आकारानंतर अक्षरें. गंज घासण्यापूर्वीं रॉकेलच्या बोळ्यानें हलकेंच पुसावें आणि तिरप्या उजेडांत पाहावें. कानशीनें किंवा घासकागदानें घासलें तर साक्षीदारच मारल्यासारखें होतें. "के. आर. विल्सन, बफेलो" अशीं अक्षरें असतील तर तें हत्यार बहुधा फोर्ड गाड्यांसाठीं केलेलें. आरंभीं "जे" हें अक्षर व पुढें अंक असतील तर केंट-मूर कंपनीचें, म्हणजे जनरल मोटर्सच्या गाड्यांचें. "सी" आणि पुढें अंक असतील तर मिलर कंपनीचें, क्राय्स्लर गाड्यांसाठीं. "१८ जी" हा आरंभ ऑस्टिन व मॉरिस एकत्र झाल्यानंतरच्या इंग्रजी हत्यारांचा. बाईंच्या पहिल्या पुलरवर "जे" आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. मुंबईच्या एका कारागिराच्या पेटींत शेव्हरोलेटचें हत्यार निघावें यांत नवल नाहीं.

अमेरिकन पेटंटचा आंकडा असेल तर काळहि ठरतो. दहा लाखावें पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजीं दिलें गेलें, आणि योगायोग असा कीं तें गाडीच्या टायरचें होतें. वीस लाखावें ३० एप्रिल १९३५ चें, तिसलाखावें १९६१ चें. तेव्हां आंकडा एकोणीस लाखांतला असेल, तर हत्यार १९३३ पूर्वींचें असणें शक्य नाहीं. नंतरचें असूं शकतें. ही खालची मर्यादा आहे, जन्मतिथि नव्हे.

पान्यांच्या बाबतींत एक सांपळा सांगितलाच पाहिजे. अकरावा कागद साध्या दुतोंडी पान्याचा, आणि त्यावर "१/४ डब्ल्यू" असें आहे. अमेरिकन पान्यावरील आंकडा त्याच्या तोंडाची रुंदी दाखवितो. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें जें मान ठरविलें, त्याच्या पान्यावरील आंकडा मात्र बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून १/४ डब्ल्यूचें तोंड प्रत्यक्षांत अर्ध्या इंचाहून अधिक, ०.५२५ इंच भरतें. तो अमेरिकन अर्ध्या इंचाच्या चाकीवर बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावतांच कोपरे गोल करून टाकतो. मॉरिसवाल्यांनीं तर कहर केला होता : त्यांच्या जुन्या इंजिनांचे आटे मेट्रिक आणि डोकीं व्हिटवर्थ मापाचीं! शेव्हरोलेटवर हा पाना वापरूं नये, घरीं ठेवावा.

आतां धाकट्या दिरांच्या पहारीविषयीं. चक्र उपटण्याचें मुळांत कारणच नाहीं. ढिलाई कोठें आहे हें शोधण्यास चक्र काढावें लागत नाहीं. एकानें गाडींत बसून चक्र थोडें डावीउजवीकडे हालवीत राहावें. दुसऱ्यानें बाहेरून पेटीपासून चाकांपर्यंत प्रत्येक सांध्यावर बोटें ठेवून पाहावें. जेथें एक भाग हालतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशीरा हालतो, तेथें रोग. मग पुढचें चाक जॅकवर उचलून, खालीं भक्कम टेंकू देऊन, वरखालीं धरून हालवावें. किंग पिन झिजली असेल तर तेथें कळतें. दांड्याच्या टोंकावर हातोडा मारला तर तो घाव थेट आंतील आट्यांवर व बेअरिंगांवर जातो. आज थोडी ढिली असलेली पेटी उद्यां अडखळूं लागते, आणि अडखळणारें सुकाणू ढिल्यापेक्षां भयंकर. पुढें मागें चक्र काढणें भागच पडलें, तर तुंबा व दांडा यांवर जुळणीची खूण करावी, आणि चाकी पूर्ण न काढतां दोनतीन आटे ठेवावी, म्हणजे सुटलेलें चक्र तोंडावर येत नाहीं.

लग्नाविषयीं माझें मत विचारलेलें नाहीं, तरी लिहितों. मार्गशीर्षास थोडे आठवडे उरले आहेत. तेवढ्यांत जाणता कारागीर सांपडून काम पुरें झालें, रिकाम्या रस्त्यावर परीक्षा झाली, तर आनंदच. न झालें, तर गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून कार्यालयाच्या दारांत उभी करावी, वधूवरांचीं छायाचित्रें तींत बसून काढावींत, आणि वरात दुसऱ्या वाहनानें न्यावी. चार बोटें ढिलें सुकाणू घेऊन वाजंत्री, मुलें व फटाके यांच्या गर्दींतून गाडी हांकणें हा आजोबांचा मान नव्हे.

पेटी भंगारांत देऊं नये. रीमर तेलाच्या फडक्यांत वेगळा गुंडाळावा. प्रत्येक वस्तूस सुतळीनें एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी आणि तीवर मराठींत तिचें नांव, काम व माप लिहावें. शाई पुसते, म्हणून पेन्सिल बरी. कागदावरच्या आंखण्या पेटीच्या झांकणांत चिकटवाव्या. दहावा कागद मीं येथें वगळला आहे, कारण त्यावरील वांकडी सळई मला ओळखतां आली नाहीं. तिच्या दोन्ही टोंकांचा आडवा छेद व असतील तीं अक्षरें बाईंनीं कळवावींत. पडद्यासाठीं नवी दांडी घ्यावी.